गुदाशयातली गाठ आणि सोनोग्राफीच्या नजरेनं सुईची बायोप्सी : पहिल्या कागदापासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत

"साहेब, तिकडं दुर्बीण टाकली, तुकडा काढला, त्यात काहीच नाही म्हणले. मग आता आणखी सुई कामून?"

औसा तालुक्यातल्या एका वस्तीवरून आलेल्या मामांनी हे विचारलं, तेव्हा त्यांच्या हातात खताच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत चार महिन्यांचे कागद. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण टाकून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टवर फोटो होता. गुदाशयाच्या भिंतीवर लिंबाएवढा उंचवटा आणि त्यावरचं अस्तर एकदम गुळगुळीत. खालच्या बायोप्सीच्या कागदावर एकच ओळ : अस्तर नॉर्मल. दोन्ही कागद खरे होते. पण एक कागद गाठ आहे म्हणत होता आणि दुसरा काही नाही म्हणत होता, हे कसं, ते त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी दुसरा कागद धरला आणि सोयाबीनच्या रासीला लागले.

मी पोटविकारांचा डॉक्टर. माझे बहुतेक रुग्ण लातूर, धाराशिव, बीड आणि नांदेडकडचे. मामांसारखे कागद घेऊन येणारे मला नेहमी भेटतात, म्हणून ही तपासणी कोणाला लागते, तिची तयारी घरून कशी करायची आणि नंतर काय सांभाळायचं, ते सगळं सविस्तर लिहितो आहे.

गोधडीतला खडा

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याचा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय, आणि त्याच्या वरचा वळणदार भाग म्हणजे सिग्मॉइड. या भिंतीला थर असतात. आपल्या घरची गोधडी डोळ्यांसमोर आणा. वर जुन्या लुगड्याचा मऊ पदर, आत चिंध्यांचे थर, खाली जाड कापड. आतड्यातही आतल्या बाजूला नाजूक अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचा सैल थर, मग स्नायूंचा जाड थर आणि सगळ्यात बाहेर वेष्टन. कोलोनोस्कोपीतला चिमटा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतो, म्हणजे तो वरचं लुगडं तेवढं चिमटीत धरतो. गोधडीच्या आत खडा असेल तर लुगड्याच्या तुकड्यात तो सापडणार नाही.

म्हणून अस्तराखालच्या गाठीत चिमट्याची बायोप्सी नॉर्मल आली, तर गाठ नॉर्मल आहे असं समजू नका. गाठीपर्यंत अजून कोणी पोचलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कानावर पडली असती तर मामांचे चार महिने वाया गेले नसते.

या खालच्या थरांपर्यंत पोचायला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे ईयूएस वापरतात. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवलेला असतो. पोटावरून सोनोग्राफी केली तर कमरेची हाडं आणि आतड्यातली हवा आडवी येते. ईयूएस आतूनच भिंतीला टेकतं, त्यामुळे पडद्यावर पाच पट्टे दिसतात : पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. गाठ कोणत्या पट्ट्यातून निघाली आहे हे दिसलं की निम्मं काम तिथंच होतं. मग त्याच दुर्बिणीतून बारीक सुई पुढे सरकवून, पडद्यावर तिचं टोक बघत बघत गाठीतला नमुना घेतात. ही पद्धत १९९२ साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या गाठीसाठी पहिल्यांदा प्रसिद्ध केली. नंतर ती अन्ननलिका, जठर आणि गुदाशयासाठीही वापरात आली.

सुई कोणाला लागते, कोणाला नाही

इथं जरा थांबतो, कारण चुकीच्या गाठीत सुई घालणं हे योग्य गाठीत न घालण्याइतकंच वाईट.

सुईचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो चार ठिकाणी. एक, मामांसारखी अस्तराखालची गाठ, विशेषतः चौथ्या काळ्या पट्ट्यातून, म्हणजे स्नायूंच्या थरातून निघालेली. ती जिस्ट नावाची, कॅन्सरसारखी वाढू शकणारी गाठ असू शकते, साधी स्नायूची गाठ असू शकते, नसेच्या आवरणाची असू शकते. फोटोत या सारख्याच दिसतात, उपचार मात्र अगदी वेगळे. दोन, गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसात जोडाच्या बाहेरच्या बाजूला काही वाढलेलं दिसलं तर. तिथं अस्तर चांगलं असतं आणि रोग बाहेरून डोकं काढतो. तीन, गुदाशयाला लागून किंवा कमरेच्या पोकळीत वाढलेल्या गाठी, ज्यांच्यामुळे उपचाराचा बेतच बदलू शकतो. चार, भिंत सगळीकडून जाड झालेली, आतडं आवळलेलं, आणि वरून कितीदाही तुकडे घेतले तरी उत्तर मिळत नाही अशी परिस्थिती. दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर किंवा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, अशा वेळी भिंतीत लपलेला असतो. बायकांमध्ये पाळीच्या दिवसांत शौचाला दुखतं, रक्त पडतं आणि बाहेरून आत शिरलेली गाठ दिसते, तेव्हा एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. पण ही गोष्ट आपण विचारल्याशिवाय बाई सांगत नाही. सुनेसोबत सासू आत आलेली असेल तर मी सासूबाईंना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगतो.

आता सुई न लागणाऱ्या गाठी. तिसऱ्या पांढऱ्या थरात पांढरीच, मऊ, चिमट्यानं दाबली की उशीसारखी खोल जाणारी पिवळसर गाठ ही चरबीची असते. तिला छेडायचं काम नाही. गुदाशयातली एक सेंटिमीटरपेक्षा लहान, पिवळट, टणक गाठ न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या, जातीची वाटली तर सुईऐवजी ती दुर्बिणीतूनच पूर्ण काढून तपासतात. रक्तवाहिन्यांच्या गाठीत सुई घालत नाहीत. गुदाशयाच्या कॅन्सरचं अस्तरावरून निदान झालेलं आहे आणि शेजारच्या, ऑपरेशनमध्ये निघूनच जाणाऱ्या गाठींचा प्रश्न आहे, तर एमआरआय बहुतेक वेळा पुरतो. शिवाय सुई कॅन्सरमधून आरपार जाऊन त्या गाठीत शिरली तर कॅन्सरच्या पेशी सुईबरोबर जाऊन खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट येऊ शकतो.

आणि एक गोष्ट ठळक सांगतो. माकडहाडाच्या पुढच्या बाजूला पाण्याची गाठ दिसली, तर एमआरआय पाहिल्याशिवाय कोणालाही तिथं सुई घालू देऊ नका. क्वचित ती गाठ मणक्याच्या आवरणाची पिशवी असते. तिच्यात शौचमार्गातून सुई गेली तर मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू पोचू शकतात.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही भीती मला प्रत्येक गावात भेटते. सुईच्या वाटेवर रोग रुजणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे, पण ती अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच सुईची वाट नीट निवडतात आणि जिथं उत्तरानं उपचार बदलणारच नाही तिथं ती घालतच नाहीत. तुमच्या डॉक्टरला हाच प्रश्न विचारा : "रिपोर्ट असा आला तर काय कराल, तसा आला तर काय कराल?" दोन्हींचं उत्तर एकच असेल तर सुई कशासाठी, हेही विचारायला लाजू नका.

त्याआधीचं काम

रक्त पडतंय म्हणून मूळव्याधीचं औषध सहा-सहा महिने घेणारे लोक पाहिले की जीव तुटतो. ज्यानं औषध दिलं त्यानं गुदद्वारात बोट घालून तपासलं का, हे पहिलं विचारा. या तपासणीला एक हातमोजा आणि थोडी जेली लागते, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. त्यानंतर पूर्ण कोलोनोस्कोपी, कारण गाठ एकच आहे की वर आणखी काही आहे ते बघावं लागतं. मग गरजेप्रमाणे सीटी किंवा एमआरआय.

सरकारी वाटेनं जायचं असेल तर आपल्याकडं संभाजीनगरची घाटी आणि तिथलं शासकीय कर्करोग रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख ही वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय नकाशावर सोलापूर जिल्ह्यात, पण धाराशिव-बीडच्या माणसाला ते घरचंच. सुईची सोय असलेलं ईयूएस प्रत्येक ठिकाणी नसतं, त्यामुळे निघण्याआधी फोन करा. नांदेड, देगलूर, उदगीरचे लोक हैदराबाद गाठतात, संभाजीनगर-जालन्याचे पुणे-मुंबई. फोनवर तीन गोष्टी विचारा. खालच्या आतड्याची ईयूएस बायोप्सी तुमच्याकडं करतात का, कारण काही ठिकाणी हे यंत्र फक्त पित्तनलिका आणि स्वादुपिंडासाठी वापरलं जातं. सुईचे पैसे वेगळे आहेत का, कारण सुई एकदाच वापरायची असते आणि बिलात तिचा भार मोठा असतो. आणि नमुना कोणत्या लॅबला जातो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण निदानाआधीच्या सगळ्याच तपासण्या त्यात बसतील असं धरून चालू नका. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. पैसे भरून झाल्यावर भेटून उपयोग होत नाही.

गोळ्यांचा हिशोब

आठवडाभर आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरसमोर ओता. "बीपीची लाल गोळी" म्हटलं की आम्हाला काही कळत नाही.

महत्त्वाच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, १.५ च्या खाली आला का ते बघतात. नव्या प्रकारच्या, म्हणजे रिव्हारोक्सॅबॅन, अॅपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान या गोळ्या दोन-तीन दिवस आधी बंद करतात, किडनी कमजोर असेल तर आणखी आधी. एकटी अॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवता येते. पण यातलं काहीही स्वतःच्या मनानं थांबवू नका. हृदयात स्टेंट बसवून वर्षही झालेलं नाही अशा माणसानं शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी सोडली तर स्टेंट बंद पडू शकतो. ज्यांनी स्टेंट बसवला त्यांच्याकडून लेखी चिठ्ठी आणा.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवा, त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं. शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशी पोटी नेहमीच्या मात्रेत घेतलं तर साखर घसरते, म्हणून त्या दिवसाची मात्रा आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आयएनआर, क्रिएटिनिन आणि साखर असतात. प्लेटलेट ५० हजारांच्या वर हव्यात.

पोट साफ करणं : आपल्या घरातली खरी अडचण

पुस्तकात ही पायरी दोन ओळींत संपते. वस्तीवर राहणाऱ्या माणसाला विचारा, हीच सगळ्यात अवघड असते.

गाठ गुदाशयातच असेल तर पुष्कळदा एनिमावर भागतं. वर सिग्मॉइडपर्यंत जायचं असेल किंवा सोबत कोलोनोस्कोपीही करायची असेल तर पॉलिथिलीन ग्लायकॉलची पूड घ्यावी लागते. मोठी पुडी सहसा दोन लिटर पाण्यात कालवायची असते. आदल्या संध्याकाळी अर्धी आणि पहाटे अर्धी घेतली तर आतडं जास्त स्वच्छ होतं. चव खारट-गुळचट. थंड करून, वर लिंबू पिळून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, असं घ्या. एकदम ढोसलं की उलटी होते.

यानंतर दहा-बारा वेळा जावं लागतं. घरात संडास नसेल, असला तरी अंगणाच्या पलीकडं असेल, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल, तर रात्री अंधारात सत्तरीच्या आज्जीनं किती खेपा घालायच्या? आमच्याकडं एक आज्जी अशाच एका खेपेला ओट्यावरून पडल्या आणि तपासणीऐवजी त्यांचा हात प्लास्टरमध्ये गेला. तेव्हापासून मी आधी संडासाची चौकशी करतो आणि मग पुडी लिहितो. सोय नसेल तर आदल्या दिवशीच शहरातल्या नातेवाइकाकडं या, किंवा दवाखान्यात एक रात्र भरती होऊन तयारी करू द्या म्हणून सांगा. म्हाताऱ्या माणसाजवळ रात्रभर कोणीतरी जागं राहा. एप्रिल-मेमध्ये हे जास्तच सांभाळा. आधीच उन्हानं अंगातलं पाणी गेलेलं असतं.

दोन दिवस आधीपासून भाकरी बंद. ज्वारीची भाकरी, मेथी-पालक, अंबाडी, टोमॅटो, पेरू, तीळ-जवसाची चटणी, कोंड्याची पोळी, सालीसकटच्या डाळी, हे सगळं दुर्बिणीत अडकतं. पेरूची एक बी सुईच्या वाटेत आली की चित्र फाटतं. चालतं ते असं : पांढरा भात, मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, दही, साल काढलेला बटाटा. आदल्या दिवशी दुपारनंतर फक्त पातळ आणि पारदर्शक : लिंबू सरबत, शहाळं, गाळलेलं पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम किंवा लाल सरबत नको, ते आत रक्तासारखं दिसतं. शेवटची खेप पिवळसर पाण्यासारखी, तळ दिसेल अशी झाली म्हणजे तयारी झाली. भूल द्यायची असेल तर पाणीही कधी थांबवायचं हे विचारून घ्या, साधारण किमान दोन तास आधी, काही ठिकाणी जास्त. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पुडी लिहून घेतानाच सांगा. मेडिकलमधून दुसरीच फॉस्फेटची बाटली आणून पिऊ नका, ती किडनीला बाधते.

त्या दिवशी

सोबत एक धडधाकट माणूस हवाच. मोटारसायकलवरून डबल सीट येऊन तसंच परत जायचा बेत असेल तर बदला. भूल दिल्यावर २४ तास गाडी चालवायची नाही, ट्रॅक्टरही नाही, आणि व्यवहाराच्या कागदावर सह्याही करायच्या नाहीत. घर दीड-दोन तासांपेक्षा लांब असेल तर ती रात्र शहरातच काढा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, त्यामुळे आधार जवळ असू द्या. जुने सगळे रिपोर्ट, सीटी-एमआरआयच्या फिल्म आणि सीडी सोबत आणा. फक्त कागद वाचून सुईची वाट ठरवता येत नाही, चित्र बघावं लागतं.

संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचूनच सही करा. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आतड्याला छिद्र, आणि नमुना अपुरा येण्याची शक्यता या चारही गोष्टी त्यात असायला हव्यात. पहिल्या तीन क्वचित घडतात. चौथी तितकी क्वचित नसते, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी सांगितलं जातं.

आत काय होतं

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. खालच्या गाठीसाठी कधी कधी भुलीची गरजही लागत नाही, नाहीतर शिरेतून झोपेचं औषध देतात. एकूण वीस ते चाळीस मिनिटं. सुईची दुर्बीण समोर नीट बघत नाही, तिची नजर तिरपी असते. म्हणून ती गुदाशय आणि सिग्मॉइडच्या खालच्या भागातच सुरक्षितपणे नेता येते. त्यापुढच्या गाठीसाठी वेगळी दुर्बीण लागते किंवा पोटावरून वाट शोधावी लागते.

आत गेल्यावर आधी थर बघतो, मग डॉप्लर लावून रक्तवाहिन्या. पडद्यावर लाल-निळ्या रेषा दिसल्या की त्या सोडून जागा शोधतो. सुई २२ गेजची असेल तर सुमारे पाऊण मिलिमीटर जाड. इंजेक्शनच्या साध्या सुईपेक्षा फार मोठी नाही, पण लांबी दुर्बिणीइतकी. नव्या सुयांचं टोक मुकुटासारखं किंवा काट्यासारखं दातेरी असतं, त्यामुळे सुट्या पेशींबरोबर अखंड धागाही निघतो. जिस्टसारख्या गाठीत हाच धागा लागतो.

सुई काळ्या गाठीत शिरताना पडद्यावर एक पांढरी चमकती रेघ पुढे सरकते. गाठ टणक असेल तर हाताला जाणवतं, कच्च्या पेरूत सुई घातल्यासारखं. मग गाठीच्या आतच सुई दहा-पंधरा वेळा मागेपुढे करतो, दर वेळी थोडी दिशा बदलून. मध्येच थांबून डॉप्लर पुन्हा बघतो. सुई बाहेर काढली की सिस्टर तिच्यात हळूच तार घालते आणि काचपट्टीवर लालसर, गांडुळासारखा धागा उतरतो. त्यात पांढरट तुकडे दिसले तर जीव भांड्यात पडतो. नुसतं रक्त असेल तर जागा बदलून पुन्हा. साधारण दोन-तीन खेपा. पॅथॉलॉजिस्ट खोलीतच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला असेल तर उत्तम, पण आपल्या भागात ते क्वचित जमतं. म्हणून त्या पांढऱ्या तुकड्याकडं डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

गाठ वर, उजव्या बाजूला

लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा उजव्या कुशीत खाली असतो. तिथं भिंत जाड झालेली दिसली की आपल्याकडं टीबी, क्रोन (आतड्याच्या दीर्घ सुजेचा आजार) आणि कॅन्सर हे तिघंही उभे राहतात. कोलोनोस्कोपीतून उत्तर मिळालं नाही आणि गाठ पोटावरून सोनोग्राफीत स्पष्ट दिसत असेल, तर रेडिओलॉजिस्ट पोटाच्या कातडीला बधिर करून १८ गेजच्या सुईनं बाहेरूनच तुकडा घेतात. सुई आतड्याच्या पोकळीत न जाता जाड भिंतीतच राहील अशी वाट धरतात. जिस्टची दाट शंका असेल तर मात्र पोटावरून सुई घालायला मी तयार नसतो, कारण गाठ फुटून पोटात सांडायची भीती असते.

डबीत काय घातलं, हे विचारा

नमुना घेतल्यानंतरच्या पाच मिनिटांत जी चूक होते ती नंतर कोणालाच दुरुस्त करता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच खोलीत एका तरुण शिक्षिकेचा सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला. रिपोर्टमध्ये टीबीची शंका आली, पण फॉर्मॅलिननं जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, कशाचं करणार? तिला पुन्हा सगळी तयारी करून पुन्हा टेबलावर यावं लागलं. ती चूक आमची होती. तेव्हापासून पहिली सुई घालण्याआधी टेबलावर दोन डब्या मांडलेल्या असतात : एक १० टक्के फॉर्मॅलिनची, सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी, आणि दुसरी साध्या निर्जंतुक सलाईनची, टीबीच्या सीबीनॅट (जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी. तपासणीआधीच तुम्ही डॉक्टरला म्हणा, "साहेब, एक तुकडा सलाईनमध्ये पण ठेवा." यात राग येण्यासारखं काही नाही.

पुष्कळ ठिकाणी डबी नातेवाइकाच्या हातात देऊन "अमुक लॅबला नेऊन द्या" म्हणतात. तसं झालं तर डबीवर नाव, वय, तारीख आणि गाठीची जागा लिहिली आहे का ते तिथंच वाचा. नाव झाकणावर नको, डबीच्या अंगावर हवं, कारण लॅबमध्ये झाकणं बदलतात. सोबतच्या फॉर्मवर फक्त "बायोप्सी" लिहिलेलं असेल तर परत द्या. कोलोनोस्कोपीत काय दिसलं, गाठ कोणत्या थरात होती, आधी कोणता कॅन्सर झाला होता का, हे लिहिलेलं असल्याशिवाय पॅथॉलॉजिस्ट अंधारात चाचपडतो. सलाईनची डबी त्याच दिवशी पोचवा. डबी उन्हात उभ्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

घरी गेल्यावर

दोन-तीन तास निरीक्षणाखाली ठेवतात. पहिल्या शौचाला थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. पण थंडी वाजून १००.४ च्या वर ताप, वाढत जाणारं पोटात दुखणं, पोट कडक होणं, वाटीभर किंवा पुन्हा पुन्हा रक्त, चक्कर, किंवा लघवी अडकणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि "काल शौचाच्या जागेतून सुईची बायोप्सी झाली" हे पहिल्या वाक्यात सांगा. घट्ट गाठीत प्रतिजैविक दर वेळी लागत नाही. पाण्याच्या गाठीत सुई गेली असेल तर लागतं. दिलं असेल तर पूर्ण घ्या. बंद केलेली रक्त पातळ करायची गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची ते लिहून घेतल्याशिवाय निघू नका. गोळी बंद करण्याचं लक्षात राहतं, सुरू करण्याचं राहत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

पहिला रिपोर्ट साधारण चार ते सात दिवसांत येतो. त्यात "पुढील आयएचसी आवश्यक" असं लिहिलेलं असेल तर टाळाटाळ समजू नका. एकसारख्या दिसणाऱ्या पेशींची जात ओळखायला विशेष रंग लावावे लागतात. सीडी-११७ आणि डॉग-१ पॉझिटिव्ह म्हणजे जिस्ट. डेस्मिन म्हणजे साध्या स्नायूची गाठ. एस-१०० म्हणजे नसेच्या आवरणाची. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन म्हणजे न्यूरोएंडोक्राइन, आणि मग केआय-६७ चा आकडा तिच्या वाढीचा वेग सांगतो. याला आणखी आठवडा आणि वेगळे पैसे लागतात.

"नमुना अपुरा" किंवा "निष्कर्ष नाही" असा शेरा आला तर ते उत्तर नव्हे. "कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत" हे वाक्यही नमुन्यात गाठीच्याच पेशी आल्या होत्या का, हे कळल्याशिवाय दिलासा देत नाही. ईयूएसच्या चित्रात गाठ वाईट दिसते आणि रिपोर्ट गोड आला, तर मी चित्रावर विश्वास ठेवतो आणि पुन्हा सुई सुचवतो. दुसऱ्यांदाही नाही मिळालं तर सर्जनबरोबर बसून गाठ काढूनच तपासण्याचा विचार करतो.

मामांचा रिपोर्ट सीडी-११७ पॉझिटिव्ह आला. गाठ गुदद्वाराच्या स्नायूच्या अगदी जवळ होती. तशीच काढली असती तर शौचाची वाट कायमची पोटावर करावी लागण्याची भीती होती. जिस्ट आहे हे कळल्यामुळे आधी काही महिने इमॅटिनिबची गोळी दिली, गाठ आकसली आणि मग सर्जननी स्नायू वाचवून ती काढली. पिशवीत आता त्यांनी एक वही ठेवली आहे. पुढच्या सीटीची तारीख मुलगी तिच्यात लिहिते.

शेवटी ब्लॉकबद्दल. तुमचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. मुंबईला टाटा रुग्णालयात किंवा आणखी कुठं दुसरं मत घ्यायला गेलात तर तिथं नुसता रिपोर्ट चालत नाही, ब्लॉक आणि काचपट्ट्या मागतात, आणि त्या नसल्या तर देवगिरी एक्सप्रेसनं आल्या पावली परत यावं लागतं. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी लॅबला अर्ज देऊन ते घ्या, नंबर रिपोर्टशी जुळवून बघा आणि पोच द्या. काचपट्ट्या वर्तमानपत्रात नको, प्लास्टिकच्या स्लाइडच्या डबीत घ्या. ब्लॉक हातातल्या पिशवीत, सावलीत ठेवा. मे महिन्याच्या दुपारी गाडीच्या काचेजवळ ठेवला तर मेण मऊ पडतं.